अँड्र्यू कार्नेगी : पोलाद, पुस्तकं आणि बारा तासांची पाळी

मटेरियल सायन्सच्या पेपरला बेसेमर कन्व्हर्टरची आकृती हमखास येते. नासपतीच्या आकाराचं भांडं, खालून हवेचा झोत, तोंडातून ज्वाळा, बाजूला चार लेबलं, की झाले मार्क. या भांड्यातून ज्याने अफाट पैसा काढला त्या माणसाचं नाव मात्र आपल्या पुस्तकात नसतं. तो इंजिनिअर नव्हता, केमिस्टही नव्हता. बाराव्या-तेराव्या वर्षी त्याची शाळा सुटली होती. त्याला येत होता तो हिशेब.

अँड्र्यू कार्नेगी. (रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर ज्याचं पुस्तक मिळतं तो डेल कार्नेगी वेगळा. त्याने तर या कार्नेगीसारखं दिसावं म्हणून आपल्या आडनावाचं स्पेलिंग बदलून घेतलं!) या माणसाची गोष्ट साधारण दोन प्रकारे सांगतात. एकात तो गरीब घरातून वर आलेला दानशूर असतो, दुसऱ्यात कामगारांचं रक्त पिणारा भांडवलदार. मी दोन्ही प्रकारची माहिती वाचली. गंमत म्हणजे दोन्हीतल्या घटना खऱ्या आहेत, आणि कित्येकदा एकाच वर्षातल्या आहेत.

जन्म २५ नोव्हेंबर १८३५, स्कॉटलंडमधलं डनफर्मलिन. हे विणकरांचं गाव. वडील विल्यम हातमागावर नक्षीचं लिनन विणायचे. खाली माग आणि वर संसार. मग वाफेवर चालणारे माग आले आणि हातमागाचं काम आटत गेलं. आई मार्गारेटने घरातच छोटं दुकान काढलं म्हणून चूल पेटत राहिली. घरात गरिबी होती तसं राजकारणही होतं. आईचे वडील आणि मामा दोघेही चळवळीतले. प्रत्येक पुरुषाला मत हवं, मतदान गुप्त हवं, अशा मागण्या करणारी चार्टिस्ट चळवळ तेव्हा जोरात होती. राजे, सरदार, जमीनदार यांच्याबद्दलचा राग या मुलाला बाळकडूसारखा मिळाला.

१८४८ मध्ये माग विकून, वर थोडे पैसे उसने घेऊन हे कुटुंब अमेरिकेला गेलं आणि पिट्सबर्गशेजारच्या अॅलेगेनी गावात राहू लागलं. अँड्र्यूला सुती गिरणीत बॉबिन बदलायचं काम मिळालं. आठवड्याला १ डॉलर २० सेंट. सकाळी अंधारात जायचं, संध्याकाळी अंधारात यायचं. पुढच्या कारखान्यात त्याला तळघरात बॉयलरवर बसवलं. वाफ कमी पडली तर वरचे कामगार ओरडणार, जास्त झाली तर बॉयलर फुटणार. रात्री तो झोपेतून उठून गेज बघितल्यासारखं करायचा, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. आपण बॉयलरच्या प्रॅक्टिकलला चौघं मिळून एक गेज वाचतो आणि तरी चार रीडिंग येतात. हा एकटा होता आणि तेरा वर्षांचा होता.

तिथून तो तार ऑफिसात निरोप्या म्हणून लागला. तारयंत्राची कटकट नुसती कानाने ऐकून शब्द ओळखायला शिकला. तेव्हा हे जमणारे लोक मोजकेच होते. याच काळातली एक गोष्ट त्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत टिकली. कर्नल जेम्स अँडरसन नावाचे एक गृहस्थ आपली सुमारे ४०० पुस्तकं दर शनिवारी काम करणाऱ्या मुलांना वाचायला द्यायचे. पुढे लायब्ररीने नियम काढला की उमेदवारी करणाऱ्या मुलांना फुकट, बाकीच्यांना वर्षाला दोन डॉलर. सतरा वर्षांच्या कार्नेगीने थेट वर्तमानपत्रात पत्र लिहून भांडण काढलं, आणि नियम बदलायला लावला.

१८५३ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे अधिकारी थॉमस स्कॉट यांनी त्याला महिना ३५ डॉलरवर आपला तारमास्तर आणि मदतनीस म्हणून घेतलं. स्कॉटच्याच सांगण्यावरून त्याने पहिले शेअर घेतले, त्यासाठी आईने घर गहाण टाकलं. दहा डॉलरचा पहिला डिव्हिडंड आला तेव्हा त्याला कळलं की पैसा आपण न राबताही येऊ शकतो. चोविसाव्या वर्षी तो रेल्वेच्या पिट्सबर्ग विभागाचा प्रमुख झाला, पण खरी कमाई बाजूलाच चालली होती. रेल्वेला झोपायचे डबे पुरवणारी कंपनी, पूल बांधणारी कंपनी, आणि या कंपन्यांत शेअर कुणाचे? तर रेल्वेच्याच साहेबांचे आणि कार्नेगीचे. आज याला काय म्हणतात ते सांगायला नको. १८६३ साली त्याचं उत्पन्न चाळीस हजार डॉलरच्या वर होतं आणि त्यात रेल्वेचा पगार अडीच हजारसुद्धा नव्हता. देशात यादवी युद्ध पेटलेलं असताना त्याचं नाव सैन्यभरतीत निघालं. ८५० डॉलर खर्चून त्याने आपल्या जागी दुसरा माणूस पाठवला. कायद्याने त्याला परवानगी होती.

१८६८ च्या शेवटी, तेहतिसाव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसून त्याने स्वतःसाठी एक टिपण लिहिलं. वर्षाला पन्नास हजार डॉलर पुरेत, पैशाच्या मागे लागणं माणसाला खाली नेतं, अजून दोन वर्षं काम करायचं आणि मग शिकायला ऑक्सफर्डला जायचं, असा त्याचा मतितार्थ. तो गेला नाही. कागद मात्र जपून ठेवला.

सिव्हिलवाल्यांसाठी एक गोष्ट. सेंट लुईसचा ईड्स पूल १८७४ मध्ये पूर्ण झाला, त्याचं वरचं काम कार्नेगीच्या कीस्टोन ब्रिज कंपनीकडे होतं. जेम्स ईड्स प्रत्येक भागाच्या चाचणीवर अडून बसायचा आणि कार्नेगी वैतागायचा, कारण उशीर म्हणजे खर्च. माझं मत ईड्सच्या बाजूने आहे. दीडशे वर्षं झाली, पूल अजून वापरात आहे.

१८७२ मध्ये कार्नेगीने इंग्लंडमध्ये बेसेमर पद्धतीचे कारखाने पाहिले आणि परत येऊन सगळा पैसा पोलादात घालायचं ठरवलं. पिट्सबर्गजवळ ब्रॅडक इथे कारखाना सुरू केला तोच १८७३ ची मंदी आली. बँका बुडाल्या, रेल्वे कंपन्या बसल्या. इतरांनी बांधकामं थांबवली, याने चालू ठेवलं, कारण मंदीत मजूर आणि माल दोन्ही स्वस्त. १८७५ मध्ये पहिला रूळ बाहेर पडला. कारखान्याला नाव दिलं एडगर थॉमसन वर्क्स. हे एडगर थॉमसन म्हणजे पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे अध्यक्ष, म्हणजे रुळांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मार्केटिंगचा पेपर या माणसाने सेट करायला हवा होता.

कारखान्याचा आराखडा अलेक्झांडर हॉली या इंजिनिअरचा, आणि तो चालवणारा कॅप्टन बिल जोन्स. दोघेही आपापल्या कामात अव्वल. कार्नेगीचं काम वेगळं होतं. रेल्वेतून त्याने एक गोष्ट उचलली होती, ती म्हणजे प्रत्येक टप्प्याचा खर्च वेगळा मांडायचा. एक टन पोलादाला कोक किती, चुनखडी किती, भट्टीच्या विटा किती, मजुरी किती, याचे तक्ते नियमित त्याच्या टेबलावर यायचे, तो स्कॉटलंडला असला तरी तिकडे जायचे. भाव बाजार ठरवतो, खर्च आपल्या हातात असतो, हा त्याचा सगळा धंदा. इतर भट्टीवाले अंदाजाने खनिज निवडत होते तेव्हा त्याने जर्मन केमिस्ट ठेवला. त्या केमिस्टने दाखवून दिलं की नाव असलेल्या खाणींचं खनिज कधी कधी सुमार असतं आणि बदनाम खाणीचं उत्तम. बाकीचे ज्या मळीला कचरा समजून फेकून द्यायचे ती याने विकत घेऊन भट्टीत घातली. काही महिन्यांपूर्वी उभारलेली रोलिंग मिलसुद्धा, जास्त चांगली रचना सापडली तर, मोडून टाकायला तो तयार असायचा. १८७३ च्या सुमारास स्टीलचा रूळ टनाला शंभर डॉलरच्या वर होता, १८९८ मध्ये अठरा डॉलरच्या आत आला. पूल, उंच इमारती, रेल्वे या सगळ्या अमेरिकेच्या पसाऱ्यामागे हा आकडा आहे, आणि तो खाली आणण्यात कार्नेगीचा वाटा मोठा आहे, हे मान्यच करायला हवं.

एक गोष्ट मात्र त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत. १८७० पासून परदेशी स्टीलच्या रुळांवर अमेरिकेत टनामागे २८ डॉलर आयातकर होता. म्हणजे स्पर्धेत जो लायक तोच टिकतो असं सांगत फिरणारा हा माणूस सरकारी भिंतीच्या आडोशाला वाढला. (मधल्या काळात, १८७८-७९ मध्ये, तो जगप्रवासाला निघाला आणि आपल्या मुंबईलाही येऊन गेला. समुद्रकिनारी मावळत्या सूर्याची प्रार्थना करणारे पारशी त्याला फार आवडले होते.)

आता १८८९ हे एक वर्ष घेऊ. माझ्या मते कार्नेगी समजून घ्यायला तेवढं एक वर्ष पुरे.

मार्चमध्ये ब्रॅडकला त्याने दिलेली लायब्ररी सुरू झाली, अमेरिकेतली त्याची पहिली. तळघरात कामगारांसाठी अंघोळीची सोय होती, म्हणजे भट्टीवरून आलेला माणूस काजळी धुऊन पुस्तकाला हात लावू शकेल.

मे महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सटाउनच्या वरचं मातीचं धरण फुटलं आणि २,२०९ माणसं मेली. धरणाचं पाणी एका खासगी क्लबचं होतं, पिट्सबर्गचे धनिक तिथे मासेमारीला जायचे, कार्नेगी त्याचा सभासद. धरणाचे तळाचे पाईप आधीच्या मालकाने काढून विकले होते, क्लबने ते परत बसवले नाहीत. रस्ता रुंद व्हावा म्हणून धरणाची उंची कमी केली. मासे पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लावल्या, त्यात पालापाचोळा अडकला. धरण कसं बांधू नये याचं आख्खं प्रकरण यात आहे. क्लबच्या कुणालाही कोर्टात भरपाई द्यावी लागली नाही. कार्नेगीने जॉन्सटाउनला नवी लायब्ररी बांधून दिली.

जूनमध्ये त्याचा संपत्तीवरचा प्रसिद्ध लेख छापून आला. मोजक्या लोकांच्या हातात संपत्ती जमणं अटळ आहे, पण श्रीमंताने ती समाजाचा विश्वस्त म्हणून जिवंतपणीच वाटून टाकावी, मुलांना ठेवू नये, आणि मेल्यावर मागे ठेवणाऱ्याच्या इस्टेटीवर सरकारने जबर कर बसवावा, असं त्यात मांडलं होतं. त्या काळातल्या कोट्यधीशाने हे लिहावं हे धाडसच होतं. मजुरी वाढवण्याबद्दल मात्र त्याचं उत्तर तयार होतं. तेच पैसे मजुरीत वाटले तर खाण्यापिण्यात उडून जातील, एकत्र ठेवून शहाण्या माणसाने खर्च केले तर सगळ्यांना उपयोगी पडतील. शहाणा माणूस कोण, हे अर्थातच तो स्वतः ठरवणार.

आणि सप्टेंबरमध्ये कॅप्टन जोन्स भट्टीच्या स्फोटात भाजून गेला. ज्या माणसामुळे एडगर थॉमसनचं उत्पादन देशात पहिलं आलं तो हा जोन्स. दमलेला माणूस चुका करतो असं म्हणून त्याने बारा तासांऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या होत्या आणि उत्पादन उलट वाढलं होतं. पण प्रतिस्पर्धी बारा तासच काम घ्यायचे. खर्चाच्या तक्त्यावर तीन पाळ्या महाग दिसत होत्या. १८८७-८८ च्या हिवाळ्यात कार्नेगीने कारखाना बंद ठेवून कामगारांना नमवलं आणि बारा तास परत आणले.

कार्नेगीबद्दल एकच मुद्दा सांगायचा असेल तर मी हा सांगेन. टनामागे कोक किती जळतो हे त्याला पै-पैसह माहीत होतं. माणूस किती जळतो याचा रकानाच त्या तक्त्यात नव्हता.

होमस्टेडचं प्रकरण यातूनच झालं. ब्रॅडकच्या जवळच, मोनाँगहेला नदीकाठी हा दुसरा कारखाना, १८८३ मध्ये विकत घेतलेला. इथे कुशल कामगारांची युनियन मजबूत होती. मजुरी बिलेटच्या बाजारभावाला बांधलेली, भाव कितीही उतरला तरी टनाला २५ डॉलरच्या खालचा हिशेब धरायचा नाही अशी अट. १८९२ मध्ये करार संपत आला तेव्हा कंपनीला ही पातळी खाली आणायची होती, आणि खरं तर युनियनच नको होती. कार्नेगीने १८८६ मध्येच लेख लिहून युनियनचा हक्क मान्य केला होता, संपकऱ्याची जागा दुसऱ्याने घेऊ नये असंही म्हटलं होतं. आता त्याने कारभार हेन्री क्ले फ्रिक या कडक भागीदारावर सोपवला, पत्रातून पाठिंबा कळवला आणि स्कॉटलंडमधल्या एका तळ्याकाठी जाऊन राहिला.

फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण घातलं, टाळेबंदी केली आणि पिंकर्टन कंपनीचे ३०० भाडोत्री पहारेकरी मागवले. ६ जुलै १८९२ च्या पहाटे ते दोन सपाट बोटींतून नदीतून आले. गावाला आधीच खबर लागली होती. बायका-मुलांसकट सगळं गाव काठावर उतरलं. दिवसभर गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची मिळून निदान दहा माणसं मेली. पहारेकरी शरण आले आणि त्यांना बेदम मार पडला. त्या दिवसापुरते कामगार जिंकले. सहा दिवसांनी राज्याची आठ हजारांहून जास्त फौज आली आणि तिच्या संरक्षणात नवे कामगार आत गेले. दरम्यान अलेक्झांडर बर्कमन या तरुण अराजकवाद्याने फ्रिकच्या ऑफिसात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. फ्रिक वाचला, लोकांची सहानुभूती मात्र संपकऱ्यांकडून गेली. नोव्हेंबरमध्ये संप मोडला. कुशल माणसांचे दर उतरले, बारा तास पक्के झाले, साध्या मजुराला तासाला सुमारे १४ सेंट. दिवसपाळीतून रात्रपाळीत जाताना, दर पंधरा दिवसांनी, सलग चोवीस तास भट्टीसमोर. युनियन या कारखान्यांतून चाळीस-पंचेचाळीस वर्षांसाठी हद्दपार झाली. त्याच महिन्यात अध्यक्षीय निवडणुकीत आयातकरवाले हॅरिसन पडले. बरेच जण त्याचं एक कारण होमस्टेड मानतात.

१८९८ मध्ये कार्नेगीने होमस्टेडलाही लायब्ररी दिली. सुंदर इमारत, संगीताचा हॉल, पोहण्याचा तलाव. बारा तास पाळी केलेला माणूस तिथे जाऊन वाचणार कधी, हा प्रश्न त्या वेळी कामगारांनीच विचारला.

१९०० मध्ये कंपनीचा नफा चार कोटी डॉलर झाला, त्यातले अडीच कोटी एकट्या कार्नेगीचे. आयकर शून्य, कारण १८९४ चा आयकराचा कायदा सुप्रीम कोर्टाने पुढच्याच वर्षी उडवला होता. १९०१ मध्ये जे. पी. मॉर्गनने ४८ कोटी डॉलरला सगळा धंदा घेतला आणि यू. एस. स्टील उभी राहिली. पासष्टाव्या वर्षी कार्नेगी मोकळा झाला आणि वाटायला बसला. शब्द त्याने पाळला, हे नाकारता येत नाही. जगभर २,५०९ लायब्रऱ्या, एकच अट की गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या दहा टक्के दर वर्षी खर्च करावेत. पिट्सबर्गची टेक्निकल स्कूल्स, जी पुढे कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटी झाली आणि जिचे फॉर्म आपले फायनल इयरवाले भरतात. हेगचा शांतता महाल, जो १९१३ मध्ये उघडला आणि पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. एकूण दान ३५ कोटी डॉलरच्या घरात.

होमस्टेडचा प्रश्न मात्र दानाने सुटला नाही. तो सोडवायला वेगळी माणसं लागली. १९०७-०८ मध्ये काही अभ्यासक वह्या घेऊन पिट्सबर्गला उतरले. क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील बाईंनी एका वर्षातले कामावरचे मृत्यू मोजले, त्या एका काउंटीत ५२६. प्रत्येकाचं वय, घरी कोण, कंपनीने काय दिलं, हे सगळं लिहून काढलं. तो गाळलेला रकाना अखेर कुणीतरी भरला. अशा आकड्यांमुळे अपघात भरपाईचे कायदे राज्याराज्यांत आले, पेनसिल्व्हेनियात १९१५ मध्ये. १९१३ च्या घटनादुरुस्तीने आयकर आला, १९१६ मध्ये इस्टेटीवरचा कर. हा दुसरा तर कार्नेगीनेच मागितलेला.

एक धागा आपल्याकडेही येतो. १९०२ मध्ये जमशेटजी टाटा पोलादाच्या शोधात पिट्सबर्गला गेले आणि ज्युलियन केनेडी यांना भेटले. हे केनेडी पूर्वी कार्नेगीच्या भट्ट्या चालवायचे. त्यांनीच पेरिन या इंजिनिअरचं नाव सुचवलं आणि त्यातून पुढे जमशेदपूर उभं राहिलं. तंत्र आलं, पण बारा तास आले नाहीत. टाटांच्या कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू झाला, तेव्हा पिट्सबर्गमध्ये बारा तासच चालू होते.

कार्नेगी ११ ऑगस्ट १९१९ ला वारला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेतल्या लाखो पोलाद कामगारांनी संप केला, मुख्य मागणी आठ तासांची. तो संपही फसला. पण बारा तासांविरुद्ध आता चर्च, वर्तमानपत्रं आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष बोलू लागले, आणि १९२३ मध्ये यू. एस. स्टीलने आठ तास मान्य केले. जोन्सने ते करून दाखवल्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. युनियनशी करार व्हायला १९३७ उजाडलं.

होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद पडला. त्या जागी आता मॉल आहे आणि आठवण म्हणून ठेवलेल्या बारा चिमण्या. वर टेकडीवर लायब्ररी चालू आहे, तलावासकट.